लिंबाच्या जेलीवर मोजलेली हवा

क्लोव्हर बेंच, युटा
२४ एप्रिल

आदरणीय व्हर्लकाका यांना कोरलिनचा नमस्कार.

तुम्हाला आधी निकाल आणि मग कारणं ऐकायला आवडतात असं घरात सगळे सांगतात. म्हणून जे घडलं तेवढंच आधी लिहिते.

१. आजोबांच्या गाडीचं इंजिन पुरेशी हवा ओढत नव्हतं.
२. किती ओढतं ते मोजायला मी एक यंत्र बांधलं.
३. अर्वाआत्याने त्या यंत्रातल्या पाण्याला रंग दिला.
४. रविवार आला.
५. सोमवारी, मी नसताना, आजोबांनी आणि बिशपांनी हवेच्या सहाव्या वाटेला भोक पाडलं.
६. ब्लॉक गेला. माणसं सुखरूप आहेत.

आता रीतीचं. तुमचा गुडघा कसा आहे? नवा गुडघा बसवल्यापासून तुम्ही जुन्याला नावं ठेवता, असं नेल्डाकाकूंनी नाताळच्या पत्रात लिहिलं होतं. तुमच्याकडे मेसामध्ये एव्हाना पंखे सुरू झाले असतील. इथे कालपर्यंत सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ होतं. काकूंनी पाठवलेली ग्रेपफ्रूट मिळाली आणि संपली. आजोबांनी ती रोज सकाळी मीठ लावून खाल्ली आणि कुठून आली हे एकदाही विचारलं नाही. ती दुकानातून येतात अशी त्यांची अधिकृत समजूत आहे. (दुकानातली फळं अ‍ॅरिझोनाच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली नसतात. तो चुरगळलेला कागद आजोबा हाताने सपाट करतात आणि त्यातलं निधनवार्तांचं पान शेवटपर्यंत वाचून मगच फेकतात, हे मी पाहिलं आहे. तुम्ही त्यात नसता, त्या दिवशी ते चहाऐवजी कोको पितात तोही दोन कप. आपल्या पंथात चहा वर्ज्य, घरात कोणीच पीत नाही, तेव्हा ‘चहाऐवजी’ हा शब्द चुकला. पण दोन कप हे खरं आहे.)

अर्वाआत्या आजोबांकडेच असते. मुलगी असल्याच्या अधिकाराने ती त्यांना न विचारता त्यांचं सगळं करते, आणि ते तिला न सांगता उरलेलं करतात. मी आठवडाभर सॉल्ट लेक सिटीत असते. इस्पितळांमधल्या हवेच्या नळ्या आखते. आजोबा लोकांना सांगतात, ‘आमची कोरलिन इमारतींना वारा घालते.’ शनिवारी-रविवारी मी इथे येते.

आणखी दोन गोष्टी. हे पत्र आहे आणि फोन नाही, याला कारण आहे. ते शेवटी येईल. आणि तुमच्याकडे एक जड पार्सल वेगळं पोचेल. पत्र वाचून होईपर्यंत ते उघडू नये ही विनंती.

इंजिनाबद्दल तुम्हाला सांगणं म्हणजे मेंढीला लोकर दाखवणं आहे. परंतु हे पत्र नेल्डाकाकू मोठ्याने वाचणार आणि दर ओळीला ‘म्हणजे काय?’ विचारणार, हे मला माहीत आहे, म्हणून पुढचा परिच्छेद त्यांच्यासाठी. काकू, हल्लीच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असतात. हवा वरून येते आणि सरळ खाली जाते. आपलं आठ सिलिंडरांचं इंजिन चपट्या हेडचं, म्हणजे वरचं झाकण साधं सपाट. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारच्या खोलीत असतात. त्यामुळे हवेला आधी वर चढावं लागतं, मग छताला डोकं आपटून आडवं वळावं लागतं, आणि मग शेजारी खाली उतरावं लागतं. पाहुण्याला मागच्या दाराने घेऊन, माळ्यावर नेऊन, मग बैठकीत सोडावं, तसं. छत उंच केलं तर पाहुणा सुखाने येतो, पण मग पेट्रोल आणि हवा नीट दाबली जात नाही, आणि जाळ आळसावतो. छत खाली आणलं तर जाळ चांगला कडक होतो, पण पाहुणा दारातच अडकतो. व्हर्लकाका म्हणतात, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधला उंबरा कापून काढा, हवेला वाट द्या. आजोबा म्हणतात, उंबरा कापला की दाब गेला, जाळाला जपा. म्हणजे दोघा भावांपैकी एक हवेचा आणि एक जाळाचा. मिठाच्या मैदानावरच्या वेगाच्या स्पर्धेत व्हर्लकाकांनी उंबरा कापलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा तो ओतीव ठोकळा, आजोबांकडच्या गाडीत घालून ताशी एकशे त्रेचाळीस मैल काढले. आपल्या क्लबच्या त्या वर्गात तो आकडा आजही तसाच आहे. गाडी सुरुवातीला मागून ट्रकने ढकलावी लागते; ती त्या दिवशी आजोबांनी ढकलली होती. संध्याकाळी आजोबा म्हणाले, उंबरा न कापता एकशे पंचेचाळीस निघाले असते. व्हर्लकाका म्हणाले, न कापता आपण घरीसुद्धा पोचलो नसतो. ट्रेलर घरी पोचेपर्यंत दोघे एकमेकांशी बोलत होते. त्यानंतर बोललेले नाहीत. व्हर्लकाका ब्लॉक घेऊन अ‍ॅरिझोनाला गेले आणि गाडी आजोबांकडे राहिली.

तेव्हापासून आजोबा दुसरा, न कापलेला ब्लॉक घालून दर ऑगस्टला मिठावर जातात. सर्वांत चांगला आकडा एकशे एकेचाळीस. एवढं काकूंसाठी.

पुढचं तुमच्यासाठी. मिठावर गाडी चालवायच्या परवान्यासाठी दरवर्षी डॉक्टरांची तपासणी असते. यंदाची झाली. आजोबा पास झाले, पण डोळ्यांच्या रकान्यात डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. पुढच्या वर्षी ते पास होणार नाहीत. हे डॉक्टरांना माहीत आहे, मला माहीत आहे आणि आजोबांना माहीत आहे. कोणी बोललेलं नाही. म्हणजे आजोबांसाठी हाच ऑगस्ट आहे, आणि एकशे त्रेचाळीसच्या वरचा आकडा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या हातात चाक असताना हवा आहे. हे त्यांनी मला असं सांगितलं: ‘वारा घालणारीण, तुझ्या त्या शिक्षणाचा एखादा शनिवार आम्हालाही दे.’

मी होकार दिला. एक अट घातली: अंदाज बंद, मोजमाप सुरू. प्रत्येक वाटेतून किती हवा जाते ते मोजायचं, मग घासायचं, मग पुन्हा मोजायचं. आजोबा म्हणाले, हवा काय बटाटे आहेत मोजायला?

मोजायचं यंत्र अवघड नसतं. एक घट्ट पेटी, तिच्यावर ब्लॉक, आणि पेटीतली हवा ओढून काढायला काहीतरी दणकट. ब्लॉकच्या वाटेतून जितकी हवा सुखाने आत येईल, तितकं एका काचेच्या नळीतलं पाणी वर चढतं. चढाव पट्टीवर वाचायचा. दणकट ओढणारं म्हणून मी व्हॅक्यूम क्लीनर धरले होते. एकाने भागत नव्हतं. अर्वाआत्याने प्रार्थनामंदिरातल्या बायकांच्या बैठकीत सहज विषय काढला, आणि शुक्रवारी मी पोचले तेव्हा गॅरेजच्या दाराशी गावातले अर्धे व्हॅक्यूम क्लीनर नावाच्या चिठ्ठ्या लावून रांगेत उभे होते. (आपल्या गावात मदत मागायची सोय नाही, ती आधीच येऊन बसलेली असते. मंदिरातलासुद्धा आला होता. ईस्टरच्या रविवारी तिथल्या गालिच्यावर जे काही होतं, त्याबद्दल मला जबाबदार धरलं गेलं. जबाबदारी मी घेतली. गालिचा मी साफ केला नाही.)

सगळे एकदम सुरू केले तेव्हा समोरच्या आवारातली बंधू ऑस्टलरांची मेंढरं कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि संध्याकाळपर्यंत परत आली नाहीत. पण यंत्र चाललं. पहिल्या वाटेपासून पाचव्यापर्यंत मी स्वतः घासल्या. काय केलं ते थोडक्यात: वाट रुंद केली नाही, फक्त जिथे हवा वळते तिथली कड काढली आणि व्हॉल्व्हखालची मान गोल केली. आरशासारखं चकचकीत करायचं नाही, असं मी सांगितल्यावर बिशपांना वाईट वाटलं. (बिशप लायमन रविवारी मंदिर सांभाळतात, आठवडाभर दंतवैद्य असतात. त्यांनी दवाखान्यातली बारीक घासणी आणली होती आणि चकाकी हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे.) पाचवी वाट सर्वांत चांगली उतरली. नळीतलं पाणी कधी नव्हे इतकं वर चढलं.

अडचण एकच होती. पाणी दिसत नव्हतं. आजोबांना काचेतलं स्वच्छ पाणी आणि काच यांतला फरक आता कळत नाही. मी आत्याला म्हटलं, यात थोडा रंग टाक. घरात खाण्याचा रंग नव्हता. पण आपल्या घरात जी वस्तू कधीच संपत नाही ती होती. तुम्हीही युटामध्येच जन्मलात, तेव्हा कोणती ते सांगत नाही.

आत्याने पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळतं पाणी घेतलं, पावडर विरघळवली, रंग फिका वाटला म्हणून आणखी एक पाकीट टाकलं, आणि नळी भरून दिली. सुरेख हिरवा रंग. मी पाहिला, मला आवडला, आणि मी विचारलं नाही. (मला वाटलं आत्याने खाण्याचा रंग शोधून काढला. माझी चूक एवढीच, आणि ती मी इथे नोंदवून पुढे जाते.) पाचवी वाट पुन्हा लावून पाहिली: हिरवं पाणी तेवढंच वर चढलं. आजोबांना ते दिसलं. ते बराच वेळ नळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, हे लायमनला दाखवायला हवं. शनिवारची संध्याकाळ होती, बिशप दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनाला बसले होते. यंत्र बंद केलं तर पाणी खाली उतरणार. म्हणून आजोबांनी, यंत्र चालू असतानाच, नळीची दोन्ही टोकं आत्याच्या कपड्यांच्या चिमट्यांनी गच्च दाबली आणि मगच क्लीनर बंद केले. पाणी वरच्या वर थांबलं. कल्पना चांगली होती. मीही तेच केलं असतं.

मग रविवार आला. रविवारी आपल्याकडे पाना उचलत नाहीत. मंदिर, जेवण, झोप, पुन्हा मंदिर. मी संध्याकाळी शहरात परतले. गॅरेजमध्ये थंडी होती, शेगडी बंद होती. पूर्ण दिवस आणि दोन रात्री ती नळी कोणीही न हलवता थंडीत उभी राहिली. नेल्डाकाकू इथे हसायला लागल्या असतील. हसू द्या. तुम्हीही पुढचं समजला असालच. पण मी क्रमाने लिहिते.

सोमवारी दवाखान्याला सुटी असते. बिशप आले. बंधू ऑस्टलरही आले. मेंढरं का चरत नाहीत ते विचारायला आले होते, पण उजेड धरायला थांबले. आजोबांनी चिमटे काढले आणि सगळे क्लीनर सुरू केले. हिरवी रेघ शनिवारच्या जागी होती. बिशपांनी कौतुक केलं. मग त्यांनी सहावी वाट लावली. ती अजून घासलेली नव्हती. रेघ तिथेच. आजोबा चकित झाले: न घासता पाचवीएवढी! सातवी लावली. तिथेच. आठवी. तिथेच. बंधू ऑस्टलर आजोबांना म्हणाले, ‘डेल्मार, हे तर स्वर्गराज्यासारखं झालं, सगळे सारखे.’

यानंतर साधारण माणूस थांबला असता. पण आजोबा जाळाचे असले तरी आडनावाने थोरपच आहेत. न घासता एवढी, तर घासून किती? सहावीपासून सुरुवात झाली. बिशपांनी घासायचं, ऑस्टलरांनी उजेड धरायचा, आजोबांनी नळीकडे पाहायचं. मी नंतर तिघांनाही वेगवेगळं विचारलं, आणि तिघांच्याही सांगण्यात संभाषण हेच आहे:

‘चढली का?’
‘नाही.’
‘अजून थोडं घेतो.’
‘घे.’
‘आता?’
‘जराही नाही. दगड आहे, लायमन, हा ब्लॉक दगड आहे.’
‘डेल्मार, मला वाटतं आपण पुरेसं—’
‘तू दात कोरतानाही एवढाच दबकतोस का? पेशंट पळून जातील. घे!’

असं जेवणापर्यंत चाललं. जेवणानंतरही चाललं. ती भिंत किती जाड असते ते तुम्हाला माहीत आहे. पलीकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी असते. घासणी एकदम हलकी झाली, व्हॅक्यूम क्लीनरांचा सूर बदलला, आणि पोकळीत वर्षानुवर्षं साठलेला तांबडा गंज भसकन बिशपांच्या पांढऱ्या बाहीवर आला. बिशपांनी घासणी बंद केली. मग त्यांनी त्यांच्या धंद्यातल्या आवाजात सांगितलं, ‘डेल्मार, नस लागली.’

आजोबांनी नळीकडे पाहिलं. ब्लॉकला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं, आणि हिरवी रेघ अजूनही तिथेच होती.

मला शुक्रवारी कळलं. मी आत गेले तेव्हा तिघे उभे होते आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मी नळी काढून आडवी केली. मग उलटी केली. हिरवं काही हललं नाही. मी म्हटलं, हे पाणी नाही.

आत्या दारातून म्हणाली, ‘पाणीच आहे. मी स्वतः उकळलं.’
‘आणि काय घातलंस?’
‘रंग. लिंबाच्या जेलीची दोन पाकिटं.’
बंधू ऑस्टलरांनी टोपी काढली. आजोबांनी नळी माझ्या हातातून घेतली, टोकाशी तोंड नेऊन वास घेतला आणि आत्याला म्हणाले, ‘जेलीत गाजर तरी किसून घालायचंस, नेहमीसारखं. मी लगेच ओळखलं असतं.’

या प्रकरणात ते एवढंच आत्याला बोलले. आत्याने रागवायची तयारी केली होती. ती वाया गेली.

पुढच्या शनिवारी गावाची मदत आली. कोणी बोलावलं नव्हतं. सोबत भाजलेल्या बटाट्यांच्या तीन परातीही आल्या, माणूस गेल्यावर नेतात तशा. प्रत्येकाकडे उपाय होता. बिशपांनी दातांचं सिमेंट आणलं आणि खरोखर भरून पाहिलं. दिसायला उत्तम होतं, गरम केल्यावर पडलं. गावातल्या वेल्डरने ब्लॉक तापवून पितळ भरलं. बीड (ओतीव लोखंड) कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. थंड होताना टणकन आवाज आला आणि भोकापासून व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत तडा गेला. त्यानंतर परातीसुद्धा कोणी संपवल्या नाहीत.

मी दुसरे ब्लॉक शोधले. जुने ब्लॉक विकत मिळतात, पण मी तीन पाहिले आणि तिन्ही व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये तडकलेले होते. विकणाऱ्यांनी तिघांनीही ‘तडा म्हणजे काही नाही’ असं सांगितलं. तडा म्हणजे तडाच.

आजोबांनी मात्र निर्णय घेतला आहे. सहावा सिलिंडर बंद करायचा, सातांवर जायचं. मी म्हटलं, सातांवर ती एकशे वीसही गाठणार नाही. ते म्हणाले, सात हा आकडा देवाचा आहे, सात दिवसांत जग झालं. आत्या म्हणाली, ‘सहा दिवसांत झालं, बाबा. सातव्या दिवशी विश्रांती होती.’ आजोबा म्हणाले, ‘मग एक विश्रांती घेईल.’ म्हणजे आता ते सहांवर आले आहेत. दर आठवड्याला एक सिलिंडर कमी होतो आहे आणि निर्धार तेवढाच आहे. रोज सकाळी ते गाडीत बसतात, चाक धरतात, समोरच्या भिंतीकडे पाहतात. गाडीत इंजिन नाही.

मी नळी गरम पाण्याने धुतली, साध्या पाण्यात शाईचा थेंब घातला आणि एका रद्दी ब्लॉकवर तुमच्या आणि आजोबांच्या भांडणाचं मोजमाप केलं. निकाल असा: उंबरा पूर्ण कापला की हवा वाढते, हे तुमचं खरं. त्याने दाब घटतो आणि हवेने कमावलेलं बरंचसं जाळात जातं, हे आजोबांचं खरं. मग मी तिसरी गोष्ट केली. हेडचं छत पिस्टनवर अगदी खाली आणलं, आणि व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेवर तेवढंच उंच ठेवलं, म्हणजे जाळ एका कोपऱ्यात कडक दाबलेला आणि हवेला वरून रस्ता. तशी अ‍ॅल्युमिनियमची दोन हेड कातून आणली आहेत. त्यांच्याखाली उंबरा कापलेला ब्लॉकच बसतो, न कापलेला बसत नाही. माझ्या हिशोबाने एकशे सेहेचाळीस. मी आकडा कमीच धरते.

हेड गॅरेजमध्ये कापडात गुंडाळून ठेवली आहेत. हे सगळं आजोबांना सांगितलेलं नाही, आणि मी तुम्हाला लिहिते आहे हेही त्यांना ठाऊक नाही. तुमच्याकडून काही हवं म्हणून हे लिहिलेलं नाही. केवळ खुशाली कळवावी, गुडघ्याची चौकशी करावी आणि फळांचे आभार मानावे, एवढाच हेतू. नेल्डाकाकूंना नमस्कार. उन्हात टोपी घालावी.

तुमची,
कोरलिन थोरप

ता. क. वरचं शेवटून चौथं वाक्य खरं नाही.

नेल्डाकाकूंच्या नाताळच्या पत्रासोबत फोटो होता. तुम्ही दोघे अंगणात, मध्ये पत्रपेटी, तिला चंदेरी झिरमिळ्या. पत्रपेटीचा खांब एका तांबूस बिडाच्या ठोकळ्यात रोवलेला आहे. झिरमिळ्यांच्या खालून सिलिंडरांची एक रांग दिसते, कडेची बोल्टांची भोकं दिसतात, आणि भिंगातून पाहिल्यावर व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधला उंबरा कापलेला दिसतो. असा कापलेला उंबरा मी फक्त एका माणसाच्या हातचा ऐकला आहे. म्हणून फोन केला नाही. फोनवर तुम्ही ‘कुठला ब्लॉक?’ म्हणाला असता. पत्र घ्यायला मात्र तुम्हाला त्याच्यापाशीच जावं लागलं. पत्रातलं काहीही मान्य नसलं, तरी ब्लॉक कुठे आहे यावर आता आपलं एकमत आहे.

पार्सल आता उघडायला हरकत नाही. ते पत्रपेटीसाठी नवं लोखंडी आसन आहे. मी आखलं, आपल्याच गावात जोडून घेतलं. पेटीची उंची टपालखात्याच्या नियमाप्रमाणे राहील, चार बोल्ट आणि पाना सोबत आहेत, आणि रंग जुन्या गंजाशी जुळेल असा दिला आहे, म्हणजे काकूंना सवय मोडावी लागणार नाही.

ता. क. दुसरा. कृपया टॉर्च घेऊन पाहावं: खांब कोणत्या सिलिंडरमधून गेला आहे, आणि आत सिमेंट ओतलं आहे का. सिलिंडरमध्ये असेल तर काढता येतं. पाण्याच्या पोकळीत तळाशी थोडं असेल तरी चालेल. काही लोक ब्लॉक कडक राहावा म्हणून मुद्दाम भरतात, आणि आपली धाव छोटी आहे. पोकळी गच्च भरली असेल तर तसं लिहा. मी रागावणार नाही, पण मला लगेच कळायला हवं, कारण कातकामाला पूर्ण जून लागेल.

ता. क. तिसरा. आजोबांना माहीत नाही, हे वर लिहिलं तेव्हा खरं होतं. पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिलं आणि मी शाई आणायला गेले. परत आले तेव्हा आजोबा चष्म्यावर भिंग धरून पहिल्या पानावर होते. मी थांबले. त्यांनी सगळं वाचलं, जेलीच्या जागी मान हलवली, फोटोच्या जागी दोनदा वाचलं.

मग म्हणाले, ‘पत्रपेटीखाली? त्या गाढवाने विक्रमी ब्लॉक पत्रपेटीखाली घातला?’

मी म्हटलं, हो.

‘त्याच्यावर रोज टपाल पडतं?’

मी म्हटलं, रविवार सोडून.

ते गॅरेजमध्ये गेले. मी वाट पाहिली. आले तेव्हा हातात माझ्या हेडपैकी एक होतं, कापड सोडलेलं. त्यांनी छतावरून अंगठा फिरवला, खालून वर, उंच जागेपर्यंत, आणि विचारलं, ‘हे त्याच्या कापावर बसतं?’

बसतं, मी म्हटलं.

‘म्हणजे जिंकलो तर हवा जिंकली का जाळ?’

मी म्हटलं, ते कधीच ठरणार नाही अशी मी व्यवस्था केली आहे. यावर ते हसले नाहीत. म्हणाले, ‘त्याला विचार, ढकलायला लायमन नको म्हणावं. लायमन माफी मागितल्यासारखा ढकलतो.’

हे मी शब्दशः लिहिते आहे, कारण यात काय विचारलं आहे हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल. मागच्या दोन ऑगस्टना ढकलायचा ट्रक बिशप चालवतात आणि वेग यायच्या आधीच पाय काढतात; गाडीची सुरुवात तिथेच मरते. त्या वर्षी आजोबांनी तुम्हाला ढकललं होतं. आता त्यांना मागच्या आरशात काय दिसतं आणि काय नाही, हे मला माहीत आहे. मागे कोण आहे हे पाहायची गरज पडू नये असा माणूस त्या ट्रकमध्ये हवा. ट्रकला क्लच नाही, तेव्हा गुडघ्याचा प्रश्न येत नाही. मी बसून पाहिलं आहे.

ब्लॉक न्यायला मी मेमधल्या शेवटच्या शनिवारी मेसाला येते. तुमच्यासाठी पुढची जागा रिकामी असेल.

ब्लॉक देणार का आणि तुम्ही येणार का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर १५ मेपर्यंत कळवावं.